हौशीरामतात्याची निरगाठ

श्रेयाची मिटलेली मूठ उघडली, त्या उघडलेल्या हातानं तिनं मेलेल्या चुलत आजोबाला मोकळं केलं, आणि त्यापायी संपतची बांधालगतची कांद्याची पट्टी गेली.

असं काही झालेलं नाही. वाडीत कुणालाही विचारा. तो आधी तुमच्या पायातल्या चपलांकडं बघेल, मग आभाळाकडं बघेल, आणि म्हणेल, पावणं, चहा टाकू का. बांध बांधाच्या जागी आहे, मेलेला माणूस मेलेला आहे, आणि पोरगी अंगणवाडीत जाते. तेव्हा जे झालेलंच नाही, ते पहिल्यापासून सांगायला काही हरकत नाही.

दोन हजार तीनचा उन्हाळा होता. वाडी निरगुडसरच्या अलीकडं, रस्त्यावरून दिसत नाही अशी. कॅनॉलला पाणी नव्हतं. कॅनॉलच्या पोटात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि चेंडू पाण्यात गेला की आऊट हा जुना नियम त्यांनी रद्द केला होता. विहिरीतली मोटार सकाळी तासभर पाणी ओढायची, मग नुसती हवा ओढायची. संपतनं बांधालगतच्या पट्टीत तेवढा कांदा जगवला होता. बाकीचं रान उघडं पडून उन्हात तडकत होतं.

घरात संपत, त्याची बायको कांता, आई साळुबाई आणि चौथं लागलेली श्रेया. श्रेयाला सगळं यायचं. बोलायची, पळायची, शेळीच्या मागं ओरडायची. फक्त उजव्या हाताची मूठ उघडायची नाही. जन्मली तीच मूठ मिटून. पहिल्या वर्षी सगळ्यांना कौतुक वाटलं. साळुबाई म्हणायची, "लक्ष्मी धरून आलीय मुठीत." दुसऱ्या वर्षी लक्ष्मीचं नाव निघेनासं झालं. मंचरच्या डॉक्टरनं हात उलटासुलटा करून बघितला. हाडं नीट, शिरा नीट. "हाताला काम द्या," म्हणाला. तिसऱ्या वर्षी पोरगी स्वतःच मूठ फ्रॉकखाली लपवायला शिकली. अंगणवाडीत टाळ्यांचं गाणं सुरू झालं की श्रेया डाव्या हातानं मांडीवर थाप मारायची.

कांताला दुसरं काही नको होतं. पाऊस पडला तर पडू दे, न पडला तर न पडू दे. पोरीची मूठ उघडली पाहिजे.

चैत्रात ती संपतबरोबर घोडेगावला शांतीलालच्या दुकानात सुतळी घ्यायला गेली. शांतीलाल गल्ल्यावर, त्यांची म्हातारी सूरजबाई आतल्या अंगाला जिरं निवडत बसलेली. धाकटी सून टीना पुण्याला बालवाडीचं शिकून आलेली होती. घरातल्या बंटी आणि सिद्धी या पोरांवर ती ते शिक्षण चालवत होती. तिनं श्रेयाची मूठ हातात घेतली आणि हळूच अंगठा आत सरकवून बघितला.

"वहिनी, हिला घरीच कामं द्या. शेंगा सोलायला. ओलं फडकं पिळायला. पिठाच्या गोळ्या करायला, दोऱ्यात मणी ओवायला, गाठी सोडायला, गाठी बांधायला. रोज थोडं थोडं."

"म्हंजे कामालाच लावायची," कांता म्हणाली.

"कामं नाही, खेळ आहेत हे. बोटांचे."

"आमच्यात ह्याला कामच म्हणत्यात."

"आमच्यातपण," सूरजबाई जिऱ्यातून मान वर न काढता म्हणाली. "पुण्याला जाऊन आलं की खेळ होतो."

टीना हसली, आणि श्रेयाच्या मुठीवर एक बटाटेवडा ठेवून बघितला. मूठ उघडली नाही. वडा पडला. तो बंटीनं खाल्ला.

तेव्हापासून घरात खेळ सुरू झाले. सकाळी कोमट पाण्यात मूठ बुडवायची. कांता एकेक बोट उकलायची, आत साठलेला आंबूस मळ पुसायची, आणि बोट सोडलं की ते पुन्हा वळून जागेवर जायचं, लाजाळूच्या पानासारखं. मग ओलं फडकं, मग कणकेचा गोळा. चिंचा फोडायचे दिवस होते. साळुबाई ओट्यावर चिंचांचा ढीग घेऊन बसायची, दगडानं ठेचून चिंचोके बाजूला टाकायची, आणि श्रेयाला सांगायची, "उचल. उजव्या हातानं. डावा लावलास तर हात तोडंन." हातासाठी एवढं चाललं होतं, तरी धमकी हात तोडायचीच होती.

एका दुपारी श्रेयानं अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत एक चिंचोका उचलला. कांता चुलीपुढं होती, ती तशीच उकिडवी थांबली. पोरीनं चिंचोका डोळ्यापाशी नेऊन बघितला आणि नाकात घातला.

तो काढायला अर्धा दिवस गेला. साळुबाई मात्र वाडीभर सांगत फिरली, "चिमटीनं घातला. मुठीनं जात न्हाई नाकात."

तिथून हात सुसाट सुटला. लसूण सोल म्हटलं की सोलायची, गवारीच्या शिरा काढायची. पण तिचा जीव रमला गाठीत.

साळुबाईचं घर म्हणजे गाठींचं कोठार होतं. दुधीचं बी जुन्या लुगड्याच्या चिंधीत, हळकुंड चिंधीत, अंगारा चिंधीत, कुणाच्या तरी बाळाची वाळलेली नाळ चिंधीत. साळुबाई सुरगाठ मारत नसे. ओढली की सुटणारी गाठ तिला चोराची वाटायची. ती निरगाठ मारायची, आवळून, आणि सोडायची दातानं. दात गेले तशी कैक गाठोडी मिटून पडली. आत काय आहे हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रेयानं ती सगळी सोडली. नख लावायची, चिमटी फिरवायची, एक पदर सैल करायची, आणि गाठ मुकाट्यानं उघडायची. अंगारा दुधीच्या बियांत मिसळला. नाळ हळकुंडासोबत डब्यात गेली.

मग तिनं शेळी सोडली. मग बांधापलीकडच्या गेणभाऊचा बैल. एका सकाळी संपत डेअरीवर कॅन उचलायला वाकला, आणि लेंग्याची नाडी घरीच सैल करून ठेवलेली निघाली. डेअरीवर माणसं होती. संपत घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "हात सुधारलाय."

कांताला हसू आलं. लई दिवसांनी आलं.

आखिती झाली आणि संपतनं घर शेकारायला घेतलं. कौलं उतरवली, फुटकी बाजूला केली. कौलं उतरवताना आढ्याला टांगलेलं एक काळं गाठोडं त्यानं काढलं आणि ओट्यावर पालथ्या पाटीखाली ठेवलं. साळुबाई बघत होती, कांताही. गाठोडं खाली ठेवलं म्हणजे सोडलं असं थोडंच असतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पोरीला पाटी उचलता येत नव्हती, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. उन्हाळा संपत आला होता, आणि पोरीचा हात उन्हाळाभर कामावर होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या गाठोड्यात हौशीरामतात्या होता.

हौशीराम म्हणजे संपतचा चुलता. माणूस सरळ. कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त बांध कोरायचा. दर नांगरटीला औताचं एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, गेणभाऊच्या अंगाला जास्त घालायचा. गेणभाऊ शिव्या द्यायचा, तात्या तंबाखू मळायचा. भांडण रीतसर चाललं होतं. मग एके दुपारी विहिरीच्या काठावर बसून तंबाखू मळता मळता तात्या गेला. लोक जमले तेव्हा जीव गेलेला होता, पण डाव्या तळव्यावर उजवा अंगठा अजून फिरत होता. बघणारे सांगतात, बराच वेळ फिरला. तंबाखू चांगली मळली गेली.

दहावं झालं, तेरावं झालं, आणि पुढच्या नांगरटीला बांध पुन्हा हलला. माती ताजी उकरलेली, कुदळीचा घाव ओला, आणि औत तर कुणी घातलेलं नाही. गेणभाऊ संपतच्या बापाकडं आला आणि म्हणाला, "जित्या माणसाशी मी भांडलो. मेलेल्याशी भांडायची माझी ऐपत न्हाई." तेव्हा दोघांनी मिळून बहिरूभगताला बोलावलं. बहिरूनं बांधावरचं एक ढेकूळ, चुन्याची डबी आणि चिमूटभर तंबाखू काळ्या फडक्यात घातली, निरगाठ मारली आणि आढ्याला टांगली. बांध थांबला. घरात कुणी त्या गाठोड्याकडं मान वर करून बघत नसे. सणाला त्याच्या नावानं एक घास मात्र जायचा.

त्या दिवशी कांता दुपारचं जेवण रानात पोचवून परत आली, तेव्हा ओट्यावर श्रेया बसली होती. पुढ्यात काळं फडकं पसरलेलं. ढेकूळ होतं, ओलं. वाडीत प्यायला पाणी नव्हतं, आणि ते ढेकूळ नुकतंच भिजवल्यासारखं ओलं होतं. चुन्याची डबी उघडी होती. कोंबड्या अंगणात एका रांगेत उभ्या राहून बांधाच्या दिशेला बघत होत्या. वारं नव्हतं. सगळ्या ओट्यावर तंबाखूचा वास होता, ताज्या मळलेल्या.

"कुणी आलं व्हतं?" कांतानं विचारलं.

श्रेयानं मान डोलावली. "गेले."

आणि ती डाव्या तळव्यावर उजवा अंगठा फिरवायला लागली, गोल गोल, सावकाश. एवढी सफाई तिच्या अंगठ्यात काल नव्हती.

साळुबाईनं फडकं बघितलं आणि खांबाला धरून खाली बसली. तिनं पोरीला मारलं नाही. "बया," एवढंच म्हणाली. "आता आमचं काय खरं न्हाई."

दोन दिवसांनी संपत बांधावरून आला तो कपाळ चोळत. "कोरलाय," म्हणाला.

"गेणभाऊ आला भांडाय?"

"तो कशाला येतोय. आपल्या अंगाला कोरलाय."

कांताला आधी कळलं नाही. ती स्वतः बघून आली. बांधाची संपतकडची कड सपासप उतरवलेली, आणि माती गेणभाऊकडं नीट रचून ठेवलेली. कांद्याची एक ओळ मुळासकट पलीकडं गेली होती. कांदे तिकडंही उभेच होते. फक्त आता ते गेणभाऊचे होते.

साळुबाईनं बराच विचार केला आणि उलगडा केला. "इतकी वर्सं आढ्याला उलटा टांगला व्हता. त्याला आता उजवं कुठलं आन् डावं कुठलं, काय कळतंय."

संध्याकाळी गेणभाऊ स्वतः आला. पांढरी टोपी, नवी. ओट्यावर टेकला, चहा घेतला आणि म्हणाला, "साळू वयनी, ऐकलं म्या. आता ही भुताटकी मानायची म्हंजे, लोक काय म्हणतील. एकविसावं शतक लागलंय राव."

"गेणभाऊ," संपत म्हणाला, "मागं तुमीच भगत आणला व्हता."

"तवा विसावं व्हतं."

"कांद्याची ओळ गेली माझी."

"माती सरकती उन्हाळ्यात. भेगा पडत्यात. तुमी मनाला लावून घेऊ नका." मग त्यानं श्रेयाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीला काई बोलू नका. हुशार हाये. तिला असंच खेळू द्यावं."

बांध रोज सरकत होता. भर दुपारी, बारानंतर. त्या वेळेला रानात कुणी नसायचं, आणि असलं तरी बाभळीखाली टॉवेल तोंडावर घेऊन पडलेलं. कुदळ आपटल्याचा आवाज यायचा, थप्, थप्, आणि मध्येच घसा साफ केल्यासारखं, "हं." उठून बघावं तर उन्हाचं पाणी हलताना दिसायचं, बाकी काही नाही. संपतनं दोनदा कोरलेली कड पुन्हा भरली. तिसऱ्या वेळी त्यानं भरलेल्या मातीवर आपल्याच पायाचे ठसे बघितले आणि त्यांच्या शेजारी दुसरे, उकिडवं बसलेल्या माणसाचे. तेव्हापासून त्यानं भरायचं सोडलं. जेवताना भाकरी हातात धरून तसाच बसायचा.

साळुबाईनं बहिरूभगताला बोलावलं. बहिरू आता फार थकला होता. मोतीबिंदूच्या शिबिरात डोळे करून आला होता आणि शिबिरानं दिलेला काळा गॉगल अजून उतरवत नव्हता. त्यानं काळं फडकं हुंगलं, ढेकूळ हुंगलं, मग श्रेयाचा हात हुंगला.

"चिंचंचा वास येतोय," म्हणाला. "ऐका. ज्या हातानं गाठ सुटली, त्याच हातानं ती पडली पायजे. पोरीनं फडक्याला निरगाठ मारावी. मृग लागायच्या आत. न्हाई तर तात्या विहिरीपतूर येतोय."

"आन् पोरीला गाठ मारता आली न्हाई तर?" कांतानं विचारलं.

बहिरूनं गॉगल तिच्याकडं वळवला. "मूठ बी गाठच असती, सूनबाई. ही मूठ मिटली व्हती तवर ती गाठ बसली व्हती. हात उघाडला, तात्या उघाडला. मग हातच बांधायचा. काळं फडकं बांधून ठिवायचा, पयल्यासारका मिटतोय तवर."

कांता उठली. तिनं पोरीला उचलून घरात नेलं.

त्या दिवसापासून खेळ बदलले. आता सोडायचं बंद, बांधायचं सुरू. सुतळी, नाडी, परकराचा बंद, कडब्याची पेंढी. कांता दोन पदर एकमेकांवर धरायची, एक खालून काढायची. "असं. मग ओढ." श्रेया धरायची, खालून काढायची, आणि ओढताना पदर निसटायचा. सोडताना बोटं सापासारखी फिरायची, बांधताना त्यांचीच लाकडं व्हायची. संपत शिकवायला बसला की दोन वेळा दाखवून ओरडायचा. साळुबाई स्वतः निरगाठ मारून दाखवायची आणि श्रेया ती लगेच सोडून टाकायची. मृग जवळ येत होता. पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, ढग जमून नुसते बघत उभे राहायचे. बांधानं निम्मी पट्टी खाल्ली होती.

एका दुपारी श्रेया घरात नव्हती. कांतानं गोठा बघितला, अंगण बघितलं, आणि डोक्यावर ऊन घेत रानात निघाली. पाय भाजत होते. बाभळीवर एक पाखरू चोच उघडी टाकून बसलं होतं, ओरडत नव्हतं.

श्रेया बांधावर बसली होती, बाभळीच्या तुटक्या सावलीत. हातात कांद्याच्या गोणीची सुतळी. सुतळीचं एक टोक तिच्या उजव्या चिमटीत. दुसरं टोक समोर ताणलेलं होतं, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, आणि तिथं कुणी नव्हतं.

सुतळी सैल झाली नाही. हवेत तिला हळूच एक वेढा पडला, आणि वेढा थांबला. पोरीनं तो निरखून बघितला. आपल्या टोकाचा तसाच वेढा केला. समोरचं टोक वेढ्याखालून आलं, थांबलं. पोरीचं टोक खालून आलं. निसटलं. समोरच्या टोकानं वेढा उकलला आणि पहिल्यापासून सुरू केलं. ओरडणं नाही, घाई नाही. तसं शिकवायला घरात कुणापाशी एवढी सवड नव्हती.

"हं," कुणीतरी घसा साफ केला.

कांतानं डोक्यावरून पदर घेतला. चुलत सासरा होता. त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं उभं राहायची रीत नव्हती, आणि मधे बोलायचीही नव्हती. ती बाभळीच्या आड, मान खाली घालून, पाय भाजत उभी राहिली. अंगावर काटा होता आणि घाम होता, दोन्ही एकदम.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग श्रेया हसली. सुतळीला एक गाठ पडली होती, वेडीवाकडी, पण पडली होती. तिच्या फ्रॉकवर, पोटाशी, चुन्यानं माखलेल्या अंगठ्याचा एक पांढरा ठसा उमटला होता. शाबासकी दिल्यासारखा.

घरी येताना कांतानं विचारलं, "कोण शिकवतंय?"

"तात्या. ते म्हणत्यात, घाई करायची न्हाई. तंबाखू मळायची तसं."

कांतानं संपतला सगळं सांगितलं. तो भिंतीकडं बघत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला त्यांनी कधी पाटीवर एक रेघ वडायला शिकवली न्हाई. झोडपून काढायचे."

"तवा त्यांना बांध व्हता कोरायला."

"बांध तर आताबी कोरत्यात."

"दोनी करत्यात," कांता म्हणाली. "आवो, तिला गाठ याया लागलीय. आता तिलाच सांगायचं, त्यांना बांधून टाक म्हणून?"



मृगाच्या आदल्या दिवशी बहिरूभगत आला. साळुबाईनं ओट्यावर पाट मांडला. पोरीनं पुढ्यातल्या काळ्या फडक्याला गाठ मारायची होती. श्रेयानं फडकं बघितलं, ढेकूळ बघितलं, आणि हात पाठीमागं घेतले.

"तात्या न्हाई म्हणत्यात," म्हणाली.

"मग हात पुढं कर," बहिरू म्हणाला. "संपत, धर तिला."

संपतनं पोरीला मांडीत घेतलं. कांता दारात उभी होती, तिनं चौकट धरली होती. गेणभाऊही आला होता, मूकपणे निषेध करायला. बहिरूनं श्रेयाची उजवी मूठ मिटवली, त्यावर काळी पट्टी गुंडाळली. गाठ मारता मारता त्याच्या ओठांवर मंत्र होता आणि गॉगलवर घाम. गाठ बसली. त्यानं मान वर केली तेवढ्यात पोरीच्या डाव्या हातानं ती सोडली. त्यानं पुन्हा मारली. आता आत मिटलेल्या बोटांनीच कुठूनतरी वाट काढली, आणि पट्टी सरळ होऊन मांडीवर पडली. त्यानं तिसऱ्यांदा मारली, दात आवळून. या वेळी पोरीनं पट्टीला हात लावला नाही. बहिरू समाधानानं उठला, आणि त्याचं धोतर ओट्यावरच राहिलं.

कुणी हसलं नाही. एवढं मोठं माणूस, काळा गॉगल, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. त्यानं वाकून धोतर गोळा केलं. बोटं इतकी थरथरत होती की कासोटा बसेना. श्रेया संपतच्या मांडीवरून उतरली, पुढं झाली, आणि धोतराचे दोन सोगे एकमेकांवर ठेवून तिनं गाठ मारली. घाई न करता. बहिरूच्या पोटावर. ओढून बसवली. निरगाठ होती. काळी पट्टी तिच्या हातावर कधीच सैल होऊन लोंबत होती.

"हं," बांधाच्या बाजूनं आवाज आला.

तो सगळ्यांनी ऐकला. गेणभाऊनं टोपी काढली. कोंबड्या उठून एका रांगेत उभ्या राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या," संपत म्हणाला.

"विहीर जाईल," साळुबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तुज्या बापानं खंदलेली हीर हाये ती, संपत."

"जाऊ द्या, आये. विहिरीत तरी काय हाये." त्यानं पोरीच्या हातावरली पट्टी काढली आणि तिच्याच हातात दिली. तिनं ती उलगडून गुडघ्यावर सरळ केली आणि घडी घातली. कडा एकमेकींवर नीट बसवल्या. ते बघता बघता संपतच्या तोंडून निघून गेलं, "कांते, बघ. कडंला कड."

कांतानं चौकट सोडली. हाताला वळ उठले होते.

बहिरू दोन्ही हात पोटावर ठेवून गेला. ती गाठ त्याला सुटली नाही म्हणतात. धोतर कापून काढावं लागलं.

पाऊस आला, उशिरानं. बांध आता विहिरीला लागून आहे. गेणभाऊनं मिळालेल्या पट्टीत बाजरी टाकली. तो वाटेत दिसला की रामराम घालतो आणि चालता चालता थोडा वेग वाढवतो. दुपारी बारा वाजले की कांता श्रेयाला बाभळीखाली सोडून येते. जाताना डोक्यावर पदर घेते, आणि एका कागदाच्या पुडीत चिमूटभर तंबाखू ठेवते. पोरगी आता सुई ओवते. परवा तिनं साळुबाईच्या चोळीला गुंडी लावून दिली.

गौरीनंतर संपतनं तालुक्याला जाऊन एका कचेरीत अर्ज दिला. मजकूर कांतानं सांगितला, संपतनं लिहिला. अर्जाची गुंडाळी श्रेयानं आपल्या हातानं सुतळीनं बांधली. टेबलावरच्या माणसानं गाठ नखानं ओढली, मग पेनच्या टोकानं, मग इकडं तिकडं बघून दातानं. कात्री होती, पण अर्जदाराची सुतळी कापली तर अर्ज फाडल्यासारखं दिसेल, असं त्याचं मत पडलं. त्यानं गुंडाळीवर तसाच पोच शिक्का मारला आणि ती कपाटात ठेवली. आजतागायत ती उघडलेली नाही. आत असं आहे:

विषय: कै. हौशीराम यांस दिशा समजावून मिळणेबाबत.

मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार संपत यांचा सविनय अर्ज की, आमचे चुलते कै. हौशीराम हे आमच्या बांधावर दररोज दुपारी हजर असून दिशेच्या चुकीमुळे स्वतःच्याच हिश्श्यात बांध कोरीत आहेत. तरी साहेबांनी सदर मयतास समक्ष बोलावून उत्तर कोणती व दक्षिण कोणती याची समज द्यावी. आजवर गेलेली पट्टी आम्ही मागत नाही. मात्र सदर मयत हे आमची मुलगी कु. श्रेया हिच्या उजव्या हातास शिकवीत असल्याने त्यांना दुपारचे वेळी अन्य कामास लावू नये, त्यांची बदली करू नये, व कोणत्याही कारणास्तव त्यांना पुन्हा बांधण्यात येऊ नये, निदान तिला पेन्सिल धरता येईपर्यंत, ही नम्र विनंती.